पाण्याच्या पोटातली आग

मागच्या डिसेंबरात आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत इशाच्या नमाजनंतर कमिटीची बैठक बसली. विषय एकच होता, फजरला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी वुजूच्या गरम पाण्याची सोय. खानदेशातली थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. मे महिन्यात माणसाला भाजून काढणारा हा मुलूख डिसेंबर-जानेवारीत असा गारठतो की पहाटे टाकीचं पाणी कोपरापर्यंत घेतलं की बोटं बधिर होतात. नको वाटत असतानाही वुजू नीट पुरा करणाऱ्याचा दर्जा वाढतो, हे आम्ही सगळे हदीसमधून ऐकत आलो आहोत. पण सत्तरी ओलांडलेल्या, दमा असलेल्या माणसाला ते ऐकवणं सोपं आणि नळाखाली हात धरणं अवघड.

एका तरुण सदस्याने गॅस गिझर सुचवला. किंमत सांगितली, जागाही सांगितली: गुस्लखान्याच्या आत, दाराच्या वर. आमचा गुस्लखाना म्हणजे सहा बाय पाचची खोली. तिला वर एक झरोका आहे, तोही थंडीत पुठ्ठा लावून बंद केलेला. मी म्हणालो, "आत नको. आग आत ठेवायची तर तिला चिमणी पाहिजे." त्यावर तो हसून म्हणाला, "सर, तुम्हाला गिझरमध्येपण हिस्ट्री दिसते का?"

दिसते. म्हणून हा लेख.

आमच्या घरी बंब होता. चाळिशीच्या पुढच्या मराठी वाचकाला बंब काय ते सांगावं लागत नाही, पण माझ्या वर्गातल्या मुलांना सांगावं लागतं. तांब्याचा किंवा पितळेचा उभा गोल पिंप, त्याच्या बरोबर मधून आरपार गेलेली नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. वरून नळीत बंबफोड टाकायची, खालून पेटवायचं. पाणी नळीच्या भोवती, आग पाण्याच्या मधोमध. आमच्याकडे लाकडापेक्षा पऱ्हाट्या जास्त जळायच्या. कापसाचा हंगाम संपला की बैलगाडीभर पऱ्हाट्या अंगणात येऊन पडत आणि त्या तोडून वितभर तुकडे करायचं काम आम्हा भावंडांचं. दादी फजरच्या अजानआधी उठून बंब पेटवायची. धूर सरळ वर जायचा. तो सरळ गेला की ती म्हणायची, "चला, आज लाकूड सुकं आहे."

दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे शेजारच्या काकूंची दोन मुलं आमच्या अंगणात आंघोळीला येत, कारण त्यांच्याकडे बंब नव्हता. काकू आदल्या रात्री विचारायला यायच्या, "आपा, उद्या जरा लवकर पेटवाल का?" दादी त्या दिवशी तहज्जुदलाच उठायची. उटण्याचा वास आणि पऱ्हाट्यांच्या धुराचा वास एकमेकांत मिसळला की माझ्यासाठी ती दिवाळी.

चुलीवर हंडा ठेवला तर जाळाचा मोठा भाग हंड्याच्या बाजूने निघून हवेत जातो. बंबात तसं होत नाही. जाळाला बाहेर जायला एकच वाट आहे आणि ती पाण्यातून जाते. हा हिशोब मी मुलांना फळ्यावर करून दाखवतो. तीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला सुमारे ९०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात ढोबळ मानाने साडेतीन हजार असतात. म्हणजे उष्णता वाया गेलीच नाही तर पावकिलो लाकडात दोन बादल्या तापतील. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतं, तरी उघड्या चुलीपेक्षा कितीतरी कमी.

दुसरी गोष्ट दादीला शिकवणीशिवाय ठाऊक होती: बंब कोरडा पेटवायचा नाही. पाणी आहे तोवर तांब्याचा पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, पाणी त्याची उष्णता ओढून घेत राहतं. पाणी संपलं की पत्रा तापत जातो, नळाच्या सांध्याचा डाख वितळतो आणि बंब गळायला लागतो. आमचा बंब एकदा माझ्याच हातून असा गळका झाला. त्याबद्दल मी जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

शब्दांचा मास्तर असल्यामुळे थोडं विषयांतर. 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला असं मानतात. बोंबा म्हणजे पंप. म्हणूनच आपण आग विझवणाऱ्या गाडीलाही बंब म्हणतो. आग पोटात घेऊन बसणारा तोही बंब आणि आग विझवायला धावणारा तोही बंब. उर्दू शाळेतली मुलं या जागी नेहमी हसतात. मग एखादा हुशार विचारतो की हमामदस्त्याचा हमामाशी काय संबंध. काहीच नाही. तो मूळ फारसी 'हावन-दस्ता', म्हणजे खल आणि बत्ता. लोकांच्या तोंडी घासून तो हमामदस्ता झाला. खरा हम्माम अरबी आहे आणि त्याच्या धातूत ऊब, ताप हाच अर्थ आहे.

पाण्यात आग बुडवायची ही युक्ती मुसलमानांची नाही, हे आधी सांगून टाकतो. आपल्याकडे दोन टोकांची माणसं आहेत. एक टोक म्हणतं, हे लोक जुम्म्याच्या जुम्म्याला आंघोळ करतात. स्टाफरूममध्ये हे मी विनोद म्हणून ऐकलं आहे आणि हसलोही आहे, त्याची लाज वाटते. दुसरं टोक आपल्याच जलशांमध्ये बोलतं, की हिंदुस्थानाला आंघोळ आम्ही शिकवली. मोहेंजोदडोचं स्नानकुंड आपल्या कुठल्याही बादशहाच्या तीन-साडेतीन हजार वर्षं आधीचं आहे. नदीवर पहाटे स्नान करणाऱ्या माणसाला आंघोळ शिकवायला कोणी समरकंदहून येण्याची गरज नव्हती. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानात काय काय नाही याची मोठी यादी दिली आहे. चांगले घोडे नाहीत, द्राक्षं नाहीत, बर्फ नाही, मेणबत्त्या नाहीत, त्यातच हम्माम नाहीत. यादी करणारा माणूस घरच्या आठवणीने व्याकूळ झालेला आहे, हे ओळखायला इतिहासाची पदवी लागत नाही. त्याची तक्रार गरम, बंदिस्त हम्मामाची होती, आंघोळीची नव्हे. १५२६ नंतर त्याने आग्र्याला बाग केली तेव्हा हम्मामही बांधला, आणि लिहिलं की इथली उष्णता, वारा आणि धूळ या तिन्हींवर हम्माम हा उपाय आहे. गरम पाण्याची जागा त्याला उकाड्यात थंडावा देत होती. जाड भिंती आणि अंधार यांची ती करामत.

युक्ती जुनी आहे ती भूमध्य समुद्राच्या काठची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने एका तापनभांड्याचं वर्णन केलं आहे. आग भांड्याच्या आत, पाणी भोवती, आणि वरून थंड पाणी ओतलं की तेवढंच गरम पाणी बाहेर पडतं. हा आपला बंबच म्हणायचा. रोमन तत्त्वज्ञ सेनेका त्याच शतकातला. त्याने अशा भांड्यांची गोष्ट लिहिली आहे ज्यांत तांब्याची बारीक नळी आगीभोवती वेढे घेत जाते आणि पाणी एका बाजूने थंड शिरून दुसऱ्या बाजूने गरम बाहेर येतं. आजच्या गॅस गिझरचं झाकण काढून पाहा, आत हेच वेढे दिसतील.

मला सगळ्यांत जास्त आवडते ती रोमन स्नानगृहातली 'कासव' म्हणवणारी व्यवस्था. उघडा मोठा हौद, लोक त्यात बसलेले. हौदाचं पाणी गार होत जाणार, मग ते सतत गरम कसं ठेवायचं? त्यांनी हौदाच्या एका टोकाला काशाचं, अर्ध्या पिंपाच्या आकाराचं भांडं बसवलं. त्याचं तोंड हौदात उघडं आणि तळ खालच्या भट्टीवर. भांड्यातलं पाणी तापून वर चढतं आणि हौदात जातं, हौदातलं गार पाणी तळाने परत भांड्यात येतं. पंप नाही, माणूस नाही. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत अशी व्यवस्था सापडली आहे. उघड्या भांड्यातल्या पाण्याला आतून ऊब देण्याचा प्रश्न त्यांनी असा सोडवला.

उमय्यांनी शाममध्ये हे सगळं तयार पाहिलं आणि उचललं. आजच्या जॉर्डनमधल्या वाळवंटात कुसैर अम्रा नावाचं छोटं हम्माम उभं आहे, आठव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. जमिनीखाली पोकळी, पोकळीतून भट्टीची गरम हवा, हे सगळं रोमन पद्धतीचं. मुसलमानांनी त्यात स्वतःचं काय घातलं? एक मोठी गोष्ट. साचलेल्या हौदात एकत्र बसणं मागे पडत गेलं, आणि वाहतं पाणी तांब्याने अंगावर घेणं पुढे आलं. गुस्लमध्ये पाणी सर्वांगावर पोचलं पाहिजे, ही गरज इमारतीच्या नकाशात उतरली. शिवाय हम्माम मशिदीजवळ आला.

बुऱ्हाणपूर आमच्यापासून जवळ. बीएडच्या सहलीत मी पहिल्यांदा गेलो आणि आता दर दोन-तीन वर्षांनी मुलांना नेतो. तापीकाठच्या शाही किल्ल्यातला हम्माम पाहायला. फारुकी सुलतानांचं हे शहर १६०१ मध्ये अकबराकडे गेलं आणि पुढे दख्खनच्या मुघल सुभ्याचं ठाणं झालं. किल्ल्यातला बराचसा भाग पडला आहे, पण हम्मामच्या छतावरची नक्षी अजून दिसते. गाइड एका चित्राकडे बोट दाखवून सांगतो की हा ताजमहालचा पहिला नकाशा. मी मुलांना सांगतो की गाइडचं पोट त्या वाक्यावर चालतं, मान डोलवा आणि पुढे चला. जे नक्की आहे ते एवढं की १७ जून १६३१ रोजी मुमताज महल याच शहरात चौदाव्या बाळंतपणात वारली. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत दफन केलं आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं.

एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने हम्मामात उभं राहून विचारलं, "सर, बंब कुठे ठेवायचे?" गाइडला उत्तर देता आलं नाही. मी तिला भिंत दाखवली. भट्टी नेहमी भिंतीपलीकडे, बाहेरच्या बाजूला. लाकडं टाकणारा माणूस आत येत नाही, धूर आत येत नाही. आत येतं ते गरम पाणी आणि भिंतीची ऊब. काश्मीरच्या मशिदींतले हम्माम आजही याच तत्त्वावर चालतात. खोलीच्या दगडी फरशीखाली पोकळी, एका टोकाला बाहेरून लाकूड टाकायचं, जाळावर तांब्याचं मोठं भांडं, आणि धूर फरशीखालून फिरून चिमणीने वर. पाणी वुजूला, फरशी बसायला. थंडीत अर्धा मोहल्ला तिथेच गप्पा मारत बसलेला असतो.

हम्मामवरून गुस्लखान्याचा विषय निघाला की मुलं कान टवकारतात, कारण ते शिवाजी महाराजांच्या गोष्टीत येतं. १२ मे १६६६ ला आग्र्यात औरंगजेबाने महाराजांना ज्या दिवाण-ए-खासमध्ये बोलावलं, त्याला तेव्हाच्या बोलीत गुसलखाना म्हणत. कवी भूषणाच्या छंदांतही तो शब्द आहे. वाचणाऱ्याला वाटतं, बादशहाने न्हाणीघरात दरबार भरवला होता की काय. खरं कारण साधं आहे. अकबर हम्मामजवळच्या दालनात निवडक सरदारांशी खलबतं करायचा, त्या जागेला ते नाव पडलं ते पडलंच. शाहजहानने भारदस्त नाव देऊन पाहिलं, पण लोकांच्या तोंडचा शब्द बदलला नाही. बादशहांना भाषेवर हुकूम चालवता येत नाही, हे आम्हा भाषाशिक्षकांचं आवडतं उदाहरण.

पण गरम पाणी नेहमीच असं गमतीचं राहिलं नाही. स्पेनमध्ये १४९२ ला ग्रानाडा पडलं. पुढे मुसलमानांना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं गेलं आणि त्यांना मोरिस्को म्हणू लागले. १५६७ च्या फर्मानाने त्यांची अरबी भाषा, त्यांचा पोशाख आणि त्यांचे हम्माम बंद करण्यात आले. बोली, कपडे आणि आंघोळ हे तिन्ही एका रांगेत. शुक्रवारी अंग धुणं हा धर्मन्यायालयापुढे पुरावा ठरू शकत होता. पुढच्याच वर्षी अल्पुहार्रासच्या डोंगरात बंड उठलं. स्टाफरूममधला तो जुम्म्याचा विनोद मला हसून सोडता येत नाही, त्याचं कारण हे पान आहे. कुणाच्या आंघोळीचा दिवस मोजायला सुरुवात होते तेव्हा मोजणारा पाण्याविषयी बोलत नसतो.

पुन्हा भांड्याकडे येऊ. बंबाचा सर्वांत देखणा भाऊ म्हणजे समोवार. रशियन शब्द, अर्थ 'स्वतः उकळणारा'. तूला शहरात १७७८ मध्ये लिसित्सिन भावांनी त्याचा कारखाना काढला आणि तूला हे समोवारचंच गाव झालं. इराणात, तुर्कस्तानात, काश्मिरात तो घरचा होऊन गेला. मधल्या नळीत कोळसा, भोवती कहवा किंवा नून चाय. काश्मिरी समोवार तांब्याचा असतो म्हणून आतून कल्हई लागते. कल्हई हा शब्दही अरबी 'कलई'वरून आलेला, म्हणजे कथील. आमच्या भागात कल्हईवाले बहुतेक मुसलमानच. बंब घडवणारे मात्र पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतले त्वष्टा कासार. हातोडीने ठोकून पत्र्यावर चमकते खळगे उठवायचे, त्याला ते मठारकाम म्हणतात. त्याने पत्रा मजबूतही होतो. आमचा बंब कुठून आला हे अब्बांना माहीत नव्हतं, पण त्याच्या अंगावर ते खळगे आहेत.

विसाव्या शतकात या युक्तीने आणखी एक उडी मारली. बंबात आग जागेवर असते आणि पाणी तिच्याभोवती भरावं लागतं. सैन्याला उलटं हवं होतं: पिंप कुठलाही असो, आगच उचलून त्यात बुडवता आली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेने पेट्रोलवर चालणारा असा बुडता तापक वापरला. पत्र्याचा ३२ गॅलनचा उघडा पिंप, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आत-बाहेर. त्याच्या काठाला अडकवायचा सांगाडा, तळाशी पाण्यात बुडालेली कड्याच्या आकाराची बंद भट्टी, आणि पाण्याबाहेर उंच गेलेलं धुराडं. वरच्या टाकीतून पेट्रोल थेंब थेंब खाली पडतं आणि पाण्याच्या तळाशी जळतं. असे पिंप ओळीने मांडत. एकात साबणाचं गरम पाणी, पुढच्यांत उकळतं स्वच्छ पाणी. शिपाई जेवला की आपली थाळी ओळीने बुडवत पुढे जायचा. हजारो माणसं एका जागी जेवतात तेव्हा हगवण गोळीपेक्षा जास्त माणसं झोपवते, म्हणून हा खटाटोप. १९६७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. ती एम-६७ नावाने व्हिएतनाममध्ये पोचली आणि पुढेही बरीच वर्षं चालली.

हा तापक पेटवणं भीतीचं काम होतं. पेट्रोलची तोटी आधी उघडली आणि काडी उशिरा लावली, की भट्टीत वाफ साठून धडाका व्हायचा आणि धुराडं उडायचं. पण जळणाचा धूर मात्र पाण्यात किंवा माणसात कधी मिसळला नाही, कारण धुराडं डोक्याच्या वर होतं आणि पिंप उघड्यावर.

हेरॉनपासून या पिंपापर्यंत कुणीही चिमणी विसरलं नाही. ती आपल्या काळात विसरली गेली. गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावतात, त्याचा जळलेला वायू त्याच खोलीत सोडतात. खोलीतली हवा जसजशी संपते तसा गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग पाय उभं राहू देत नाहीत. दार उघडायचं आहे हे कळतं, पण हात कडीपर्यंत जात नाही.

माझा एक माजी विद्यार्थी असा गेला. शहरात नोकरी, भाड्याची खोली, लग्नाला चार महिने झालेले. दार तोडावं लागलं. मय्यत गावी आणली. त्याच्या गुस्लसाठी अंगणात तीन दगडांवर देगेत पाणी तापवलं, बोरीची पानं टाकून, आणि शेवटच्या पाण्यात कापूर. देग धुराने काळी झाली होती. त्याचे वडील तिच्याशेजारी बसून लाकडं सारत होते आणि धूर डोळ्यांत जातो म्हणून कुणी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं तर ऐकत नव्हते.

हे मी कमिटीत सांगितलं. सगळं नाही, वडिलांचं नाही सांगितलं. त्या तरुण सदस्याने विचारलं, "मग गिझर लावायचाच नाही का?" मी म्हणालो, "लाव. पण भिंतीच्या बाहेर लाव. बुऱ्हाणपूरला लावली तशी." सदर साहेबांनी खर्च विचारला. बाहेरच्या व्हरांड्यात पत्र्याचं छप्पर, पंधरा फूट पाइप आणि एक ज्यादा नळ. कमिटीचा अर्धा तास गेला तो गिझरवर नाही, त्या पंधरा फुटांवर. शेवटी एका भंगारवाल्या भाईंनी पाइप देतो म्हटलं आणि विषय मिटला. गिझर आता बाहेर आहे. गुस्लखान्याच्या झरोक्याचा पुठ्ठा मी स्वतः काढला. तो दोनदा परत लावला गेला, आणि दोनदा मी परत काढला.

बैठकीनंतर एक बुजुर्ग माझ्याबरोबर चालत आले. म्हणाले, "तुझ्या दादीचा बंब आहे का अजून?" माळ्यावर आहे. भंगारात तांब्याला चांगला भाव येतो म्हणून अम्मीने दोनदा विकायला काढला होता. त्यांचं म्हणणं, मय्यतच्या पाण्यासाठी तो मशिदीत ठेवावा. वीज गेली, सिलिंडर संपला तरी पऱ्हाट्या मिळतात.

बंब खाली काढला, चिंच लावून घासला. मी लहानपणी घालवलेला सांधा अजून गळतो. डाख लावणारा माणूस शोधतो आहे. आमच्या गावचा कल्हईवाला म्हणतो, मी फक्त कल्हई करतो, डाखाचं काम करणारा चोपड्याला एक आहे, पण तो ईदनंतर भेटेल.